धर्म निर्दोष, मग दोषी कोण?

जगात कोठेही धर्माच्या नावाने रक्त सांडले की सुशिक्षितांच्या बैठकीत एक वाक्य हटकून उच्चारले जाते : ‘हा खरा धर्म नव्हे.’ वाक्य उच्चारणाऱ्याच्या मुद्रेवर विषाद असतो; ऐकणारे माना डोलावतात; कोणी सुस्कारा टाकतो; आणि चहा निवण्याच्या आत विषय बदललेला असतो. हे वाक्य बोलणारी माणसे वाईट नसतात. बहुधा ती सज्जन, पापभीरू आणि कुटुंबवत्सल असतात. म्हणूनच आमचे भांडण या वाक्याशी आहे. दुर्जनांच्या कृत्यांशी भांडायला पोलीस आहेत, न्यायालये आहेत. सज्जनांच्या समाधानाशी मात्र कोणी भांडत नाही, आणि ते समाधान दंगलीच्या राखेवर पुनःपुन्हा उगवत राहते.

आमचे बहुसंख्य वाचक नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी अधिकारी आहेत. कोणी रेल्वेत, कोणी टपालखात्यात, कोणी महसुलात, कोणी पोलीसखात्यात. त्यांच्यापाशी सत्तेचा थोडाबहुत अंश आहे. ज्याच्यापाशी सत्तेचा अंश नाही त्याचे समाधान त्याच्यापुरते राहते. अधिकाऱ्याचे समाधान मात्र फाइलीत उतरते, हुकमात उतरते, आणि कधी कधी वेळेवर न निघालेल्या हुकमातही उतरते. यास्तव या लेखात आम्ही चार प्रचलित समाधानांची झडती घेणार आहोत. आम्ही हे काशीत बसून लिहीत आहोत. आणि धर्माचे वैभव व धर्माचे वैर ही दोन्ही एकाच गल्लीत पाहायची असतील तर काशीसारखे दुसरे गाव नाही.

पहिले समाधान असे की, हे सारे गुंडांचे काम असते. धार्मिक माणूस असे करीत नाही.

विनोबांची कथा पाहावी. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस आला. ब्रह्मजिज्ञासा त्याला येथे घेऊन आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे जे गाजलेले भाषण झाले, त्याचा वृत्तान्त त्याने येथे वाचला, पत्रव्यवहार केला, आणि तो गांधीजींच्या आश्रमाच्या वाटेला लागला. गीता ज्याच्या श्वासात होती, ज्याच्या ‘गीताई’ने मराठी घराघरांत गीता पोचविली, त्या माणसाला १९५३ च्या सप्टेंबरात बिहारमधील देवघर येथे वैद्यनाथाच्या दारात मारहाण झाली. अपराध एवढाच की, त्याच्याबरोबर हरिजन होते. मारणारे कोण होते? दारूच्या गुत्त्यावरचे गुंड नव्हते. ते त्या मंदिराचे पंडे होते. त्या मारहाणीने विनोबांच्या एका कानाची श्रवणशक्ती कायमची अधू झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये असे त्यांनी सांगितले. क्षमा करणाराही धार्मिक होता आणि मारणारेही स्वतःला धार्मिकच समजत होते. यांतला एकच खरा आणि दुसरा खोटा असे म्हणणे सोयीचे आहे. पण पंड्यांना तसे विचारले असते तर त्यांनी उत्तर नेमके उलटे दिले असते, आणि त्यांच्या बाजूने पोथ्याही काढून दाखविल्या असत्या.

पोथ्या निघतात, हेच या प्रश्नाचे मर्म आहे. काशीतही ते घडले. येथील विश्वनाथमंदिरात हरिजनांचा प्रवेश १९५० नंतरच्या दशकात झाला, तेव्हा त्याला विरोध करण्यात पुढे होते ते स्वामी करपात्रीजी. म्हणजे शास्त्रव्युत्पन्न, विरक्त आणि लोकमान्य संन्यासी. प्रवेश झाल्यावर त्या स्थानाचे पावित्र्य गेले असे मानून मीरघाटाजवळ दुसरा विश्वनाथ स्थापण्यात आला. विश्वाच्या नाथाला माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो हे मत कोण्या अडाण्याचे नव्हते. विद्वत्तेच्या शिखरावरून ते मांडले गेले होते. तेव्हा अज्ञान हेच धार्मिक क्रौर्याचे मूळ आहे आणि शाळा काढल्या की ते नाहीसे होईल, ही आमच्या सुशिक्षित मित्रांची समजूत त्यांनी एकदा तपासून पाहावी.

दुसरे समाधान अधिक सुसंस्कृत आहे. ते असे की, सर्व धर्मांचे सार एकच आहे. लोकांना ते कळले की भांडणे मिटतील.

या विचाराचा थोर पुरस्कर्ता याच नगरीत होऊन गेला. डॉ. भगवान दास हे काशीचे भूषण. १९५५ साली ‘भारतरत्न’ हा किताब त्यांना मिळाला. सर्व धर्मांची मूलभूत एकता दाखविणारा त्यांचा ग्रंथ सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९३१ च्या फेब्रुवारीत बनारसमध्ये दंगल झाली. विदेशी कापड विकणाऱ्या एका मुसलमान व्यापाऱ्याचा खून हे तिचे निमित्त. पुढच्याच महिन्यात कानपूर पेटले आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. ‘प्रताप’चे संपादक गणेश शंकर विद्यार्थी दोन्ही धर्मांच्या लोकांना वाचवीत फिरत होते; २५ मार्च १९३१ रोजी तेही मारले गेले. काँग्रेसने या दंगलीच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष भगवान दास होते. समितीने मोठा अहवाल सिद्ध केला आणि सरकारने तो जप्त केला.

एकाच माणसाची ही दोन कामे. एकतेचा ग्रंथ आपण कपाटात ठेवला, कारण तो वाचून मन प्रसन्न होते. दंगलीचा अहवाल आपण विसरलो, कारण तो वाचून झोप उडते. आमचे म्हणणे असे की, आज दुसऱ्या प्रकारच्या कामाची गरज पहिल्यापेक्षा अधिक आहे. सार एक असल्याने माणसे वाचतात असा अनुभव नाही. रवांडाचे उदाहरण घ्या. १९९४ साली तेथे हुतूंनी तुत्सींची जी कत्तल केली, तिच्यात मारणारे आणि मरणारे दोघेही बहुसंख्येने एकाच ख्रिस्ताला भजणारे होते. सार एक, ग्रंथ एक, प्रार्थना एक. लोक जीव वाचविण्यासाठी चर्चमध्ये धावले आणि चर्चमध्येच मारले गेले. न्यांगे या गावी सुमारे दीड हजार माणसे ज्या चर्चमध्ये दडली होती ते बुलडोझर लावून त्यांच्यावर पाडण्यात आले. त्या चर्चच्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरविले, आणि २००८ साली अपिलात त्याची शिक्षा वाढून ती जन्मठेप झाली. ती कत्तल धर्मासाठी झाली नव्हती, हे खरे. पण शतकभर शिकविलेला धर्म ती थांबवू शकला नाही, हेही तितकेच खरे. पुढे मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या व चर्चमधील माणसांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. ‘तो खरा ख्रिस्ती धर्म नव्हता’ एवढे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. ते तसे झाले नाहीत, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावी. तिच्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

तिसरे समाधान खास आपले आहे. ‘हे उत्तरेतले खूळ, हे आफ्रिकेतले रानटीपण, आमच्या महाराष्ट्रात संतांनी आणि सुधारकांनी हे केव्हाच धुऊन काढले.’ परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समाधान फार गोड लागते. घरापासून दूर असलेल्याला घर नेहमी स्वच्छच आठवते.

नायजेरियातील सोकोटो येथे मे २०२२ मध्ये एका विद्यार्थिनीला धर्मनिंदेच्या आरोपावरून तिच्याच महाविद्यालयातील जमावाने ठेचून मारले व जाळले. हे वाचून आपल्या अंगावर काटा येतो, आणि यावाच. त्याच देशातील मानवतावाद्यांच्या संघटनेचे अध्यक्ष मुबारक बाला यांना समाजमाध्यमांवरील लिखाणाबद्दल एप्रिल २०२० मध्ये अटक झाली. दोन वर्षांनी कानोच्या न्यायालयाने त्यांना २४ वर्षांची शिक्षा दिली. २०२४ साली अपिलात ती ५ वर्षांवर आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते सुटले. आपण म्हणतो, केवढी ही असहिष्णुता! खरे आहे. पण पुण्यात काय झाले? डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाविरुद्ध बोलत नव्हते. देवाच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध बोलत होते, आणि हा भेद ते जन्मभर समजावून सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ते फिरायला गेले असता ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अठरा वर्षे खटपट केली. ते गेल्यावर चार दिवसांत वटहुकूम निघाला. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. दाभोलकरांच्या खुनानंतर दीड वर्षाने कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. नायजेरियात टीकाकार तुरुंगात गेला आणि जिवंत बाहेर आला. आपल्या सुधारकांच्या महाराष्ट्रात तो सकाळच्या फेरफटक्यावरून परत आला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ मोजताना आपल्या डोळ्यातल्या मुसळाचीही लांबी घ्यावी.

हे अलीकडचेच आहे असेही नव्हे. आपण जेथे जेथे बदलून जातो तेथे तेथे गणेशोत्सव बरोबर नेतो. काशीतल्या मराठी वस्तीतही तो थाटाने होतो. त्या उत्सवाविषयी आम्हांलाही जिव्हाळा आहे. पण सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली रूपास आला त्याच वर्षीच्या ऑगस्टात मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. तोवर पुण्यातले असंख्य हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत असत. आणि १८९४ मध्ये त्यांनी ते सोडून द्यावे असा प्रचार झाला, मेळ्यांच्या पदांतूनही झाला. हा इतिहास आपल्या किती मंडळांत सांगितला जातो? पुण्यातच २५ जून १९३४ रोजी, हरिजन-यात्रेवर असलेल्या गांधीजींची समजून एका मोटारीवर बॉम्ब टाकण्यात आला होता. पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींसारख्या भाविकाला १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले. ज्या वाळवंटात चोखोबाला भक्त म्हणून मिरविले त्याच देवळात त्याच्या जातभाईंना शिरता यावे यासाठी हा यज्ञ! आणि १९९२ च्या डिसेंबरात व १९९३ च्या जानेवारीत मुंबईत जे घडले त्यात ९०० माणसे मेली, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने नोंदविले आहे. महाराष्ट्र केव्हाच धुतला गेला, असे म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

चौथे समाधान अधिकाऱ्याचे आहे. ‘आम्ही तटस्थ आहोत. आम्ही कायदा व सुव्यवस्था पाहतो. धर्म आमच्या कक्षेत येत नाही.’ तटस्थता हा अधिकाऱ्याचा धर्म होय, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो तटस्थतेचे नाव घेऊन केलेल्या दिरंगाईविषयी.

काशीत १८०९ च्या ऑक्टोबरात मोठा दंगा झाला आणि लाट भैरवाचा प्राचीन स्तंभ पाडला गेला. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दंग्याच्या सरकारी कागदपत्रांची मोठी मार्मिक छाननी केली आहे. दंग्याच्या वेळच्या कागदांत मृतांचा आकडा तिसाच्या आतबाहेर आहे. शंभर वर्षांनी निघालेल्या जिल्हा गॅझेटियरात तोच आकडा कित्येक शेकड्यांवर गेलेला आहे. मेलेली माणसे शंभर वर्षांनी पुन्हा मरत नाहीत. वाढला तो कारकुनी तर्क : हे लोक मूळचेच धर्मवेडे, यांच्यात मारामाऱ्या व्हायच्याच, त्यांना आवरायला आम्हीच हवे. पुढे येणारा प्रत्येक अधिकारी तेच गॅझेटियर वाचून जिल्ह्याकडे पाहू लागला. दंगल गल्लीत एकदा झाली; फाइलीत ती शतकभर वाढत राहिली. आपल्या हातून होणारी नोंद उद्याच्या पिढीचे वैर होऊ शकते, हे लेखणी हाती असणाऱ्या प्रत्येकाने जाणावे.

उलट बाजूही आहे. नोंद वाढविणे हा एक अपराध, नोंद न करणे हा दुसरा. सोकोटोच्या खुनाबद्दल जे दोघे पकडले गेले ते २०२३ च्या जानेवारीत सुटले. ते निर्दोष असल्याचे कोणी सिद्ध केले नाही. सरकार पक्षाचे वकील तारखांना हजरच राहिले नाहीत. जमावाने एकदा मारले, गैरहजेरीने दुसऱ्यांदा मारले. आणि हे आफ्रिकेतच घडते असे वाटत असेल तर श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या पक्षपाताविषयी व ढिलाईविषयी जे लिहिले आहे ते काढून पाहावे. १९३१ च्या कानपुरातही पोलिसांच्या निष्क्रियतेचाच बोभाटा झाला होता. राजवट बदलली, गणवेष बदलला. ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ हे वाक्य मात्र बदलले नाही.

आता कोणी विचारील, ‘तुमचे म्हणणे तरी काय? धर्म टाकून द्यावा? काशी गंगेत बुडवावी?’ आमचे म्हणणे तसे नाही. देव न मानणाऱ्या राजवटींनीही विसाव्या शतकात माणसांचे ढीग पाडले, हे आम्ही विसरलेलो नाही. स्टालिनच्या रशियात तुरुंग भरले ते देवाच्या नावाने नव्हेत. म्हणून दोष केवळ देवाच्या कल्पनेचा आहे असे आम्ही म्हणत नाही. दोष आहे तो जिवंत माणसापेक्षा एखाद्या तत्त्वाला, ग्रंथाला, वंशाला वा झेंड्याला मोठे मानण्याचा. मानवतावाद म्हणजे याच्या नेमके उलटे : कोणतेही तत्त्व घ्या, ते माणसाच्या प्राणाच्या आणि प्रतिष्ठेच्या कसोटीवर घासून पाहा, उतरले तर ठेवा, न उतरले तर त्याच्यावर सोन्याचा मुलामा असला तरी टाका.

हा विचार परदेशातून मागविलेला नाही. काशीत शास्त्राध्ययन केलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच कसोटीवर हिंदुधर्माची समीक्षा करण्यास धजावले. अस्पृश्यतानिवारणाच्या लढ्यात त्यांनी गांधीजींना शास्त्राधार पुरविले. १९३३ साली पुण्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला. आणि पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाचे मराठीतील भाष्यकार झाले. शास्त्र जाणणारा माणूस शास्त्राला जाब विचारू शकतो, हे त्यांनी दाखविले. शिवाय हा विचार आज कोण्या पंथाचा राहिलेला नाही, तो राज्यघटनेत आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेत जो अनुच्छेद ५१-क आला, त्यात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी व सुधारणावाद यांचा विकास करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद २५ सुद्धा ते स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवूनच देतो. घटनेची शपथ घेऊन वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्याला मानवतावाद हा रविवारच्या व्याख्यानाचा विषय समजण्याची मुभा नाही.

येथे एक शंका रास्त आहे. धर्माने दोष स्वीकारावा असे आम्ही म्हणतो. मग एका अत्याचाऱ्याच्या पापासाठी त्याच्या साऱ्या समाजाला जबाबदार धरायचे काय? मुळीच नाही. आणि हे मराठी माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळावे? ३० जानेवारी १९४८ रोजी एका मराठी ब्राह्मणाने गांधीजींचा खून केला, आणि पुढल्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात खुन्याला पाहिलेही नव्हते अशा शेकडो ब्राह्मण कुटुंबांची घरे जळाली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी ती आठवण अजून असेल. जन्मावरून अपराध लादणे म्हणजे काय, हे त्या आगीत आपण पाहिले. मग तोच न्याय आपण मदनपुऱ्याच्या विणकराला, सोकोटोच्या शेतकऱ्याला, कोण्या अनोळखी माणसाला कसा लावतो?

तेव्हा भेद नीट करावा. दोष लादणे वेगळे आणि दायित्व घेणे वेगळे. दुसऱ्याच्या धर्मावर दोष लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या धर्माचे दायित्व टाळण्याचाही नाही. आज व्यवहार नेमका उलटा चालतो. दुसऱ्याच्या धर्मातील खुनी हा त्याच्या धर्माचा प्रतिनिधी, आणि आपल्या धर्मातील खुनी हा मात्र गुंड! ‘हा खरा धर्म नव्हे’ हे वाक्य आपण केवळ स्वतःसाठी राखून ठेवले आहे. साने गुरुजी उपोषणाला बसले ते आपल्याच विठोबाच्या दारात. पोपने क्षमा मागितली ती आपल्याच चर्चसाठी. बाला बोलले ते ज्या धर्मात वाढले त्याविषयी, आणि ते तर धर्मपंडिताचे पुत्र होते. शिव्या परक्याला आणि क्षमा स्वतःला, ही रीत सोपी आहे. तिला धर्म म्हणता येत नाही आणि मानवतावाद तर नाहीच नाही.

हे अशक्य आहे काय? काशीनेच उत्तर दिलेले आहे. ७ मार्च २००६ च्या सायंकाळी संकटमोचन मंदिरात आणि कँटोन्मेंट स्थानकावर बॉम्बस्फोट झाले. वीसाहून अधिक माणसे मेली. मंगळवार होता, मंदिरात गर्दी होती. शहर पेटावे यासाठीच ते कृत्य होते. पण शहर पेटले नाही. संकटमोचनचे महंत वीरभद्र मिश्र हे विश्वविद्यालयात जलशास्त्र शिकविणारे प्राध्यापक. त्यांनी शांततेचे आवाहन केले, मंदिरातील पूजा-आरती थांबू दिली नाही, आणि मंदिर कोणाच्या राजकारणाचा आखाडा होऊ दिले नाही. बनारसचे मुफ्ती अब्दुल बातिन नोमानी यांनी त्या कृत्याचा उघड निषेध करून तेच आवाहन केले. दोघेही आपापल्या धर्माचे अधिकारी पुरुष. दोघेही आपापल्या लोकांशी बोलले. ‘हा खरा धर्म नव्हे’ असे म्हणून घरी बसले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण मग शहर वाचले असते की नाही, कोण सांगेल?

म्हणून आमच्या वाचकांकडे आमचे मागणे मोजके आहे. पुढच्या वेळी दुसऱ्याच्या धर्मातील क्रौर्याची वार्ता आली की तिच्याबरोबर आपल्या धर्मातील एका क्रौर्याचा उच्चार त्याच बैठकीत करावा. बैठक थोडी अवघडेल, अवघडू द्यावी. कचेरीच्या खुर्चीवर बसताना जात आणि जानवे, गंध आणि गंडा बाहेर खुंटीला टांगावा. दंगलीच्या पहिल्या तासात जो हुकूम काढायचा तो काढावा, जी नोंद करायची ती खरी करावी, आणि साक्षीच्या तारखेला हजर राहावे. आणि आपल्या मराठी मंडळांत गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतला एक दिवस तरी या विषयाच्या व्याख्यानाला द्यावा; त्या दिवशी शेजारच्या मोहल्ल्यातील माणसाला श्रोता म्हणून नव्हे, वक्ता म्हणून बोलवावे. वर्गणी मागायला आपण त्याच्या दारी जातोच. एकदा त्याचे म्हणणे ऐकायलाही जावे.

पंचगंगा घाटावर आजही उभे राहिले तर वर आलमगिराची मशीद दिसते. तिच्या जागी पूर्वी बिंदुमाधवाचे मंदिर होते. ते पाडले गेले, हा इतिहास आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. ज्ञानवापीचा वाद आज न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्याच घाटावरच्या बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज करीत, आणि तेच मोहरमात शोकाचे सूर वाजवीत. हाही इतिहासच आहे. याच काशीत १५७३ साली पैठणच्या एकनाथांनी आपला भागवतावरील मराठी ग्रंथ पुरा केला. प्राकृतात पवित्र ग्रंथ लिहिला म्हणून पंडित खवळले आणि वाचून पाहिल्यावर त्यांनीच त्याची मिरवणूक काढली, अशी परंपरा सांगते. पंडित आधी खवळले, हे परंपरेने लपविले नाही. म्हणूनच ते नंतर वळले, याला काही किंमत आहे. आपणही आपल्या खवळण्याची कबुली द्यायला शिकलो तर वळण्याची आशा धरता येईल. धर्म निर्दोष आहे असे सांगत बसण्यापेक्षा तो निर्दोष व्हावा यासाठी काही करणे, हे त्याच्या अनुयायांचे काम आहे. आणि ते काम आपल्यासाठी दुसरा कोणी करणार नाही.